झिजलेले दात

ही गोष्ट मी बरीच वर्षं सांगायची टाळली. परवा नातू गाडीच्या चेनीला तेल घालत होता, त्या वासाने ती पुन्हा समोर आली. तेव्हा हळदीच्या पट्ट्यातल्या गोरेगावच्या बाजारात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तांड्यावरच्या दोन भावांत एकच गाडी होती. तिला मी नवी चेन घातली, पण मागचं दातेरी चाक जुनंच ठेवलं. त्याचे दात झिजून विळ्यासारखे वाकले होते. ते दिसूनही म्हटलं, चालेल. थोड्याच दिवसांत दोघे भाऊ गाडी घेऊन आले. थोरला म्हणाला, “मिस्तरी, चढावर चेन उड्या मारून राहिली. काहून?” बाकड्यावर बाजाराची माणसं चहा पीत बसली होती. त्यांच्यासमोर मला माझी चूक सांगवेना. मी म्हणालो, “धाकल्याला विचारा. हळदीची पोती लादून पळवत असंल.” “न्हाई दादा, एकबी पोतं न्हाई लादलं,” धाकटा म्हणाला. “मग मिस्तरी खोटं बोलून राहिला काय?” असं म्हणत थोरल्याने किल्ली स्वतःच्या खिशात घातली. दोघे भाऊ चहाला गेल्यावर मी गुपचूप ते दातेरी चाक बदललं. पुढे धाकटा बाजाराला पायीच येताना दिसायचा. काही वर्षांनी त्याने स्वतःची गाडी घेतली आणि चेन दाखवायला माझ्याकडेच आणली. मी चाक फिरवून एकेक दात तपासला. “बराबर हाय का, काका?” त्याने विचारलं. त्या दिवशी चूक माझी होती, हे ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, “बराबर हाय. जा.”