देवराव काकांची पात

देवराव काकांना मी पहिली हाक मारली ती 'मावशी' अशी.

बोरी अरबकडच्या आमच्या भागात बोंडअळीने कापूस खाल्लेली ती वर्षे. आठवीत शाळा सोडून मी बरीच वर्षे इकडेतिकडे फिरत होतो, आणि त्या शिवारात कापसाची गाठोडी बैलबंडीवर टाकायच्या कामाला नवीनच लागलो होतो. वेचणे बायांचे, गाठोडी उचलणे बाप्यांचे, ही आमच्याकडची रीत. वेचलेला कापूस टाकायला कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून, डोक्याला फडके गुंडाळून कोणी वाकलेले दिसले. मी म्हणालो, "मावशी, गाठोडं द्या." त्यांनी वळून पाहिले तर जाड मिशा.

"घे बाबू," काका म्हणाले, "पण दमानं. खालून ओलं हाय."

बाया हसल्या. काका रागावले नाहीत. पुढच्या बोंडाकडे वळले.

वेचणीत त्यांचा हात फार स्वच्छ. अळीने खाल्लेले बोंड अर्धेच उघडते, कापूस आत चिकटून बसतो. घाईने ओढला की पालापाचोळा सोबत येतो. काका अंगठ्याने पाकळी दाबून कापूस अख्खा काढतात. वेचणाऱ्या टोळीच्या प्रमुख गंगामावशी नव्या पोरींना आधी काकांच्या बाजूला उभ्या करायच्या.

लोक त्यांना बायक्या म्हणत. काहींनी कारणेही शोधली होती. नवस असेल, नाहीतर काकू आजारी असतील. काकू तर धडधाकट, त्यांच्या वावरात कोळपणीचा डवरा त्याच हाकतात. एकदा धीर करून मी विचारले, "काका, बायांचं काम काहून करता?"

"हाताले बरं वाटते."

 एवढे सांगून ते पुढच्या झाडाला लागले.

पहिल्या वेचणीआधी बाया पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी दहीभात ठेवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. त्या साली शेतमालकांना पीक हाती लागते की नाही याचीच धास्ती होती. पूजेत खोट राहू नये म्हणून त्यांनी काकांना सांगितले, "देवराव, तुमी बांधावर थांबा. हे बायांचं हाय."

काका उठून बांधावर माझ्याशेजारी येऊन बसले. ओटी सोडली, तिची घडी घातली. मला वाटले, हे आता घरी जातील आणि पुन्हा वेचायला येणार नाहीत.

गंगामावशींनी दहीभाताचे ताट झाकले. "त्याईले येऊ द्या."

"ते का बाई हायेत?" मालक म्हणाले.

"नाई. पण माह्या बाजूची पात त्याईची हाय." पात म्हणजे वेचणाऱ्याने धरलेली ओळ. "आन् हा भात कोनं रांधला, ते तरी इचारा."

मालकांनी विचारले नाही, त्यांना कळले. पराटीकडे पाहून म्हणाले, "या, देवराव. उन्हं चढून राह्यली."

काकांनी घडी उलगडली.

त्याच हंगामात मीही ओटी बांधली. उचलायला गाठोडी फारशी राहिलीच नव्हती. हसणारे हसले. काकांनी उपदेश केला नाही, बाजूची पात दिली. आज तिरुपूरला कारखान्यात मी लहान मुलींचे फ्रॉक शिवतो. पहिल्या दिवशी मशीनवर बसताना लाज वाटली नाही, ती त्यामुळे.

काकांच्या साठीनिमित्त गावातली समिती हे गौरवपुस्तक काढत आहे. समितीचे सचिव मला फोनवर म्हणाले, "वेचणीचं जास्त लिहू नको, बावा. मोठे पाव्हणे वाचतीन. स्त्रियांचे कैवारी, असं काही लिही." मी तसेच लिहिले आणि काकांना फोनवर वाचून दाखवले. 

"मानूस चांगला हाय," काका म्हणाले. "कुठचा म्हनावा?"

ते कागद मी फाडले. हे दुसऱ्यांदा लिहिले आहे. यातली वेचणी काढायची असेल तर समितीने माझा लेखच काढावा, ही नम्र विनंती.

काकांना उदंड आयुष्य लाभो. त्यांची कंबर वाकती आणि बोटे चालती राहोत. दिवाळीनंतर मी गावी येतो आहे. तोवर त्यांच्या बाजूची पात त्यांनी कोणाला देऊ नये.