छर्ऱ्यांचा चेंडू
परवा कुंभार पिंपळगावच्या बाजारात कुणीतरी खुळखुळा वाजवला आणि मी जागीच थांबले. माझ्या आंधळ्या दादाचा क्रिकेटचा चेंडू तसाच वाजायचा, त्यात छर्रे असायचे. त्याची जालन्याला निवड चाचणी होती. तिथलं मैदान कसं असेल ठाऊक नव्हतं, म्हणून मी तो चेंडू वेगवेगळ्या जमिनींवर सरपटत टाकून पाहत होते. शाळेच्या फरशीवर तो खणखणत गेला आणि दादानं बराबर फटका मारला. मुरमावर त्याचे बरेच चेंडू हुकले. मग आम्ही देवळामागच्या गवतावर गेलो. "टाक की, कव्हाची वाट पाहून राह्यलो," तो म्हणाला. चेंडू केव्हाच त्याच्या बॅटीजवळून मागं गेला होता. "टाकला की, दादा." "मंग गवतानं आवाज खाल्ला असंन," तो हसला. मी डोळे मिटले आणि त्याला चेंडू माझ्याकडं टाकायला लावला. गवतातून छर्रे स्पष्ट वाजत आले. डोळ्यांमागोमाग त्याचे कानही जाऊ लागले होते. "आला का आवाज?" त्यानं विचारलं. "न्हाई," मी ओरडून म्हणाले, "बिलकुल न्हाई." त्याचा चेहरा खुलला. आता मला काही सांगायचं असलं, की मी त्याच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढते.