मंगळवारचं दूध

लेक लातूरच्या कॉलेजात व्यापार शिकणाऱ्या पोरांना शिकवायला लागली, तवा तिची नोकरी कच्ची होती. बडे सायब एक दिवस वर्गात मागं बसून तिचं शिकवणं ऐकणार, मंग ठेवायचं का घरी धाडायचं ते ठरणार. तिनं धडा काढला फुटबॉलच्या क्लबांच्या हिशोबाचा.

आम्ही रेणापूरला राहतो. सकाळी मी भाकरी थापायची आन ती वट्ट्यापाशी उभी राहून मलाच शिकवायची.

"फुटबॉल कशाला काढलीस बाई? आपल्याकडं कोण खेळतंय?"

"त्या विलायतच्या क्लबांचे हिशोब उघडे असत्यात, माय. पोरांना शिकायला बरं. तू गप बस, तू आता पोरगं हाईस."

"मंग मला मागच्या बाकावर बसू दे. भाकरी करपून राहिली."

ती हसली आन पुढं सांगू लागली. तिकिटाचा पैसा येतो, टीव्हीवाले देत्यात, लई पैसा खेळाडूच्या पगारातच जातो. खेळाडू विकत घ्यायचा, चार सालाचा करार करायचा, आन दर साली वहीत त्याची किंमत उतरवत न्यायची.

"आन मधीच गुडघा गेला तर?"

"खेळणारच न्हाई म्हणल्यावर उरलेली एकदम उतरवायची."

माझा हात परातीतच राहिला. तिचे आबा, म्हंजी माझे मालक, आठवले.

ती बारकी होती तवा आम्ही कंधारकडं गावात होतो. तिचे आबा गावाचे पैलवान. त्यांच्या खुराकासाठी गावानं वार लावून दिले होते. आज ह्या घरचं दूध, उद्या त्या घरचं. जत्रंत कुस्ती मारली की हलगी आमच्या दारापस्तोर वाजत यायची. लई देखणा माणूस. मंग एका फडात गुडघा मोडला. कुणी वाईट बोललं न्हाई. दूध तेवढं यायचं थांबलं. हे रोज पहाटं चरवी घासून उंबऱ्यावर ठेवायचे, दिवस वर आला की बहुतेक रिकामीच आत आणायचे. पुढं आम्ही उदगीरला आलो. ते लंगडत मोंढ्यात पोती उचलायचे, मी दाळमिलात दाळ निवडायची. असेच दिवस काढले.

लेकीला हे सारं सांगितलं. ती म्हणली, "वर्गात सांगू का?"

"सांग. रडू नको पण."

सायब येणार त्या दिवशी ती सांजच्या एसटीनं परत आली. मी दारातच उभी होते.

"ठेवून घेतलं, माय."

मी चहा टाकला. ती चपला काढून तिथंच बसली.

"एका पोरानं इचारलं, मॅडम, सगळ्याच घरांनी दूध बंद केलं का? म्हणलं, मायला इचारून सांगते."

"न्हाई. एक घर देत राहिलं. एकली म्हातारी होती, एकच म्हैस. मी म्हणलं, मावशी, हे आता कुस्ती धरत न्हाईत. ती म्हणली, माझा वार मंगळवार हाय, कुस्तीचं मला काय सांगतीस. गाव सोडस्तोर देत होती."

"आबा प्यायचे?"

"कुठलं. तुझ्याच तोंडाला चरवी लावायचे. तू लई सांडायचीस."

तिचा चहा तसाच निवला, तो मी परत गरम करून दिला.