विल्होची साखळी

विल्हो लाम्पेला हा माणूस चरात गेलेली गाडी बघून पुढे निघून गेला, असं कुणी सांगितलं असतं तर आमच्या गावाने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. इकडे उत्तर मिनेसोटात हिवाळाभर रस्त्यावर घट्ट बर्फ असतो आणि दोन्ही कडांना खोल चर. कधी ना कधी प्रत्येकाची गाडी त्यात जाते आणि मागून येणारा थांबतो. ओळख असो वा नसो, थांबतो. विल्हो लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवून निवृत्त झालेला. खाणीतली एक जाडजूड साखळी त्याच्या पिकअपमध्ये कायम पडलेली असायची, भर उन्हाळ्यातसुद्धा.

"जुलैत बर्फ पडतो का रे?" जोऍनच्या कॉफीच्या दुकानात लुई स्कुबिक त्याला डिवचायचा.

"तुझ्यासारखा ड्रायव्हर असला की बर्फ कशाला लागतो?" विल्हो म्हणायचा.

लुई त्याचा खाणीतला जोडीदार. त्याला विल्होने इतक्या वेळा ओढून बाहेर काढलं होतं की लुईची बायको म्हणायची, साखळी आमच्याच गाडीला बांधून ठेवा.

विल्होचा जीव मात्र अडकला होता लिनेटमध्ये, म्हणजे त्याच्या मुलीत. आई गेल्यावर बापलेक दोघंच घरात. लिनेटला लहानपणापासून मधुमेह, तोही इन्सुलिन चुकलं की जिवावर बेतणारा. ती वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करायची. पूर्णवेळ घेतलं तर आरोग्य विमा द्यावा लागतो, म्हणून मालक तिला पूर्णवेळ होऊच देत नव्हता. गावातल्या दुकानातलं इन्सुलिन तिचा पगार गिळून वर ढेकर द्यायचं. तेच औषध, त्याच कंपनीचं, सीमेवरचा पूल ओलांडून कॅनडात गेलं की दहाव्या हिश्शात मिळायचं. म्हणून दर तीन महिन्यांनी विल्हो उत्तरेला गाडी काढायचा. परतताना पुलावर कस्टमचा माणूस काच खाली करायला लावायचा.

"काय आणलंस?"

"मुलीचं औषध."

"किती?"

"तीन महिने जगेल एवढं."

तो माणूसही इथलाच. पुढे काही न विचारता हात हलवून सोडायचा. एवढ्या श्रीमंत देशातल्या म्हाताऱ्याने पोरीच्या औषधासाठी शेजारच्या देशात जावं, याची लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना कधी वाटली नाही. विल्होला वाटायची. जोऍनच्या दुकानात तो सांगायचा, मासे मारायला गेलो होतो.

त्या जानेवारीत थंडी अशी होती की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. परतीच्या वाटेवर, दोन्हीकडे नुसतं जंगल अशा ठिकाणी, एक गाडी चरात कललेली दिसली. आत कोवळं जोडपं आणि पोरीच्या कुशीत तान्हं बाळ. बाळ रडत नव्हतं, आणि विल्हो त्यालाच घाबरला. त्याने तिघांना आपल्या उबदार केबिनमध्ये कोंबलं. जागा करायला सीटवरची इन्सुलिनची पेटी उचलून मागच्या उघड्या हौद्यात ठेवली. उन्हाळ्यात तीच पेटी तो बर्फाच्या लाद्या घालून आणायचा. औषधाला जपायचं ते उन्हापासून, एवढंच हाताला ठाऊक. साखळी लावली, ओढलं, पण गाडीचं चाकच मोडलेलं. मग त्यांना पुढच्या गावी नेलं, गरम सूप पाजलं, बाळ मोठ्याने रडायला लागल्यावरच तिथून निघाला. आपण फार चांगलं काम केलं असं त्याला वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

घरी पेटी उघडली तेव्हा एक कुपी तडकलेली होती आणि बाकीच्या टणक झालेल्या. टेबलावर ठेवल्यावर त्या हळूहळू वितळल्या. बापलेक समोरासमोर बसून बघत होते.

"बाबा, पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय बघ."

"वर लिहिलंय, गोठलं तर वापरू नका."

"दुधावरही तारीख लिहितात. ती उलटल्यावर पितोसच ना तू?"

"चेष्टा नको, लिने. मी उद्या परत जातो."

"उद्या वादळ आहे. आणि पैसे कुठून आणणार? हे आणायला बर्फावरची गाडी विकलीस. आता काय, दात विकणार?"

"माझी चूक झाली."

"कसली चूक? बाळाला गारठून मरू द्यायचं होतं का?" तिने कुप्या उचलून फ्रिजमध्ये ठेवल्या. "चालेल. मला काही होत नाही."

आमच्याकडे माणूस बेशुद्ध पडेपर्यंत 'बरा'च असतो. साखर चढत गेली तरी लिनेट "बरी आहे" म्हणत राहिली, डोस वाढवत राहिली, नाताळची उरलेली बिस्किटं खाल्ल्याचा दोष स्वतःला देत राहिली. शेवटी वृद्धाश्रमात एका आजीला भरवता भरवता तीच कोसळली. इस्पितळाने तिला वाचवलं, पण मूत्रपिंडं कायमची अधू झाली. मग बिल आलं. विल्होच्या बापाने तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी बांधलेली झोपडी, तिच्यातल्या बाष्पस्नानाच्या खोलीसकट, विकावी लागली. त्या एका बिलात कॅनडातलं कित्येक वर्षांचं इन्सुलिन आलं असतं. ज्याने ही व्यवस्था बांधली त्याचं तळपट होवो, दुसरं काय म्हणणार!

पुन्हा असं झालं तर ती उरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

मार्च उजाडला तेव्हा लिनेटची इस्पितळातून मिळालेली शेवटची कुपी तळाला गेली होती, आणि त्यातच वादळाने रस्ता बंद पाडला. रस्ता उघडल्याबरोबर विल्हो निघाला. या खेपेला त्याने कुप्या लोकरी मोज्यांत गुंडाळून सदऱ्याच्या आत, थेट छातीशी ठेवल्या. परतताना पुन्हा वारा सुटला. दुपार उतरणीला लागली होती, समोरचं धड दिसत नव्हतं. त्या भुरभुरीत पुढे एक तांबडा दिवा तिरका दिसला. चरातली गाडी. तिच्याशेजारी एक माणूस उभा.

विल्होचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. त्या माणसाने हात वर केला. मदतीसाठी हलवतात तसा नव्हे. ओळखीचं कुणी येताना दिसलं की करतात तसा, निवांत.

विल्होने पाय उचलला आणि गाडी पुढे दामटली.

कुप्या छातीशी उबेत होत्या. गोठणार नव्हत्या. हे त्याला त्या क्षणीही माहीत होतं. पण आत काहीतरी आखडलं होतं आणि ते सुटेना. आरशात तो वर केलेला हात थोडा वेळ दिसला, मग बर्फात दिसेनासा झाला. फोन लागतो त्या टेकडीवर आल्यावर त्याने फोन हातात घेतला. कळवायला हवं होतं. पण पोलीस नाव विचारतील, का थांबला नाहीस तेही विचारतील. त्याने फोन खिशात ठेवला. एवढी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"रस्ता कसा होता?" लिनेटने विचारलं.

"ठीक होता."

"कुणी चरात?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात लुई जोऍनच्या दुकानात आला तो उजव्या हाताला जाडजूड पट्टी बांधून. थंडीने दोन बोटं गेली होती.

"कितीतरी वेळ उभा होतो," लुई सांगत होता. "इंजिन बंद, फोन बंद. एक पिकअप आली, विल्हो, अगदी तुझ्यासारखी. म्हटलं, आला बाबा, सुटलो! हात वर केला. पण थांबायचं नावच नाही. तेव्हा कळलं, तू नव्हेस."

"हा असता तर याने गाडीसकट घरी आणून सोडलं असतं तुला," जोऍन म्हणाली आणि विल्होच्या कपात कॉफी ओतली.

"दुखतं का?" विल्होने विचारलं.

"बोटंच नाहीत, तर दुखणार काय?" लुई म्हणाला, आणि सगळे हसले. विल्होही हसला.

घरी येऊन त्याने पिकअपमधली साखळी ओढून काढली आणि गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली. लिनेट दारात उभी होती. लुईची हकीकत तिच्याही कानावर आली होती.

"बाबा, साखळी काढलीस? तू तर उन्हाळ्यातही काढत नाहीस."

"जड होते. उगाच पेट्रोल खाते."

लिनेट त्याच्याकडे बघत राहिली. मग साखळीकडे. घरात जाऊन तिने फ्रिज उघडला, सुईत त्याच खेपेचं औषध भरलं, आणि पोटात टोचायच्या आधी ती सुई हातात धरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिली.