वाऱ्याच्या बाजूचं शेत

हुरड्याला जाळ लागत नाही, निखारा लागतो. हे आमच्या ताडकळसकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी करायची, गोवऱ्या लाल झाल्या की ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची आणि गरमागरम हातावर चोळायची. पण त्या दिवशी भावाचा मेव्हणा पुण्याहून आला होता आणि त्याला फोटो काढायचे होते.

गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी बांध पेटवला आणि गावातला एक गोठा जळाला. तेव्हापासून ग्रामपंचायतीनं नियम केलाय: शेतात काहीही पेटवायचं तर वाऱ्याच्या बाजूच्या शेतकऱ्याला आधी विचारायचं आणि पाण्याचा बॅरल जवळ ठेवायचा. ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवला तो माझ्या भावानंच. सदस्य आहे ना तो!

आमच्या शेतात आगटी पेटली होती आणि वारा पूर्वेकडं वाहत होता. तिकडं बांधाला लागूनच शेजारच्या काकूंचं शेत. त्या एकट्याच कसतात. वर्षाची सगळी तूर कापून त्यांनी बांधाजवळ गंजी घातली होती, मळणीयंत्राची वाट बघत.

"काकूंना विचारलंस का?" मी भावाला म्हटलं.

"अक्का, हुरडा खायलाबी परवानगी काढायची का आता? पाव्हण्यासमोर तोंड नको वाजवू."

तोंड वाजवणारच होते मी. तेवढ्यात मेव्हण्यानं "दाजी, फोटोत जाळ तर दिसला पाहिजे!" म्हणत तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा भारा उचलून आगटीत टाकला. तुराट्याच त्या, भडकल्या. जाळ डोक्याच्या वर गेला आणि ठिणग्या बांध ओलांडून निघाल्या. पाण्याचा बॅरल विहिरीपाशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"अरे, गंजी!" मी ओरडले, तोवर काकू धावत आल्याही होत्या. घागरीत गोणपाट बुचकळून त्या गंजीभोवती फिरत होत्या, पडेल ती ठिणगी झोडपत होत्या. एका कोपऱ्यातून धूर निघाला. भाऊ नि मी हातांनीच तो कोपरा उपसून लांब ओढला. वहिनी आगटीवर माती लोटत होती. मेव्हणा मोबाईल धरून नुसता उभा. त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला, पण त्याच्याआधी भावाच्या.

गंजी वाचली. काकू धापा टाकत बांधावर बसल्या. त्यांच्या तळहाताला फोड आले होते.

"काकू, चुकलं," भाऊ खाली मान घालून म्हणाला.

त्यांनी ओलं गोणपाट तळहातावर दाबलं. मग त्याच्याकडं न बघता मला म्हणाल्या, "इचारलं असतं तं मी न्हाई म्हणले असते का, माय? मीबी आले असते की हुरडा खायला."

वहिनी आधीच चोळून ठेवलेल्या हुरड्याची ताटली घेऊन आली होती. ती काकूंच्या पुढं करायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत झाली नाही.