ऑरिनच्या न फाटणाऱ्या पुंगळ्या

ऑरिन त्वेट दुकानातली काडतुसं विकत घेतो असं हार्लो क्रीकमध्ये कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी आधी म्हणणाऱ्याच्याच तोंडाचा वास घेतला असता. जन्मभर ऑरिनने आपली काडतुसं आपण भरली. नुसती आपली नाही, निम्म्या नेमबाजी क्लबाची. गुरुवारी संध्याकाळी मैदानावर नेमासाठी मातीच्या तबकड्या उडायच्या, बार निघायचे, आणि मग साठी-सत्तरीतले बाप्ये गुडघ्याला हात देत, कण्हत, आपापल्या रिकाम्या पुंगळ्या गवतातून वेचायचे. त्या सगळ्या ऑरिनच्या बादलीत जमा व्हायच्या. पुढच्या गुरुवारी त्याच पुंगळ्या ठिणगीची नवी टोपी, बंदुकीची नवी दारू, तिच्यावरचं नवं बूच आणि नवे छर्रे पोटात घेऊन, तोंड मिटून परत हजर.

"ऑरिनची पुंगळी म्हणजे चर्चच्या तळघरातली कॉफी," डेल्मर हौगस्टॅड म्हणायचा. "तोच चोथा, जीव जाईस्तोवर उकळायचा."

हा डेल्मर म्हणजे ऑरिनचा लहानपणापासूनचा मित्र आणि बांधाला बांध लागलेला शेजारी. गाई विकून टाकल्यापासून त्याला थट्टेशिवाय दुसरं काम नव्हतं. पण थट्टा केली तरी त्याच्या जाकिटाच्या खिशात काडतुसं असायची ती फक्त ऑरिनची.

कुणी नवखा कारखान्याची खोकी घेऊन आला, की ऑरिनचं प्रवचन सुरू व्हायचं. "ही कोण भरतं? यंत्र. त्या यंत्राला तुझं नाव ठाऊक आहे का?" शिसं आणि दारू महागल्यापासून घरी भरणं काही स्वस्त उरलं नव्हतं. बायकोने, लव्हॉनने, हे एकदा जेवताना ऐकवलंही. ऑरिन म्हणाला, "प्रश्न पैशाचा नाही गं. भरवशाचा आहे."

तोच भरवसा आता माशाच्या काट्यासारखा त्याच्या घशात अडकून बसला होता.

झालं ते मागच्या शरदात. मक्याची कापणी झालेली, दोघं फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला खुंटांतून चाललेले. फेझंटचा कोंबडा फडफडत उठला, डेल्मरने चाप ओढला, आणि बाराऐवजी 'फुस्स' असा आवाज आला, सोड्याची बाटली उघडावी तसा. छर्रे त्याच्या बुटांपाशी सांडले. डेल्मरची बंदूक पंपाची, आणि हात सवयीचा. त्याने नळीखालची मूठ मागेपुढे करून पुढचं काडतूस नळीत घातलंसुद्धा. चाप तेवढा ओढला नाही, कारण कोंबडा नेमका ऑरिनच्या डोक्यावरून वळला होता.

बंदूक उघडून पाहिलं, तर पहिल्या काडतुसाचं बूच नळीच्या मध्यात घट्ट रुतून बसलेलं. त्यामागून दुसरा बार निघाला असता, तर नळी केळ्यासारखी सोलली गेली असती, आणि तिच्याबरोबर डेल्मरचा डावा हातही. डेल्मर पांढराफटक पडला. मग हसला. "टोपी सर्दली असणार. जाकीट रात्रभर ओल्या पडवीत टांगलं होतं मी."

ऑरिनने 'असेल' म्हणून मान हलवली.

मान हलवताना त्याला खरं कारण ठाऊक होतं. भरायला बसला तेव्हा रेडिओवर बेसबॉलचा सामना रंगात आला होता. काडतुसं भरायच्या हातयंत्रावर उलटी लावलेली बंदुकीच्या दारूची बाटली कधी रिती झाली ते कळलंच नाही. दांडा खाली-वर होत राहिला, छर्रे पडत राहिले. एका काडतुसाच्या तोंडाशी गालावर पडावी तशी खळी पडली होती. आत काहीतरी कमी असल्याशिवाय तशी खळी पडत नाही. अंगठ्याने चाचपून तो स्वतःशीच म्हणाला होता, "चालतंय." घरी परतल्यावर त्याने उरलेली काडतुसं कापून पाहिली. आणखीही काही बिनदारूची निघाली. ती त्याने जमिनीत पुरली, यंत्रावर जुनी चादर टाकली, आणि त्यानंतर चादर काढायला त्याचा हात धजला नाही.

पण वसंतात क्लब उघडला आणि बादली पुन्हा भरून आली. "हात दुखतो" म्हणता आलं असतं. "डोळ्यांना दिसत नाही" म्हणता आलं असतं, आणि तेही थोडंफार खरंच होतं. ऑरिन दोन्हींतलं काहीच म्हणाला नाही. त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि गाडी काढून दूरच्या गावातल्या दुकानात गेला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथून खोकीच्या खोकी आणली. काडतुसं बाहेर काढली, पितळेची चकाकी जावी म्हणून गोणपाटात घोळवली, आणि आपल्या नेहमीच्या कॉफीच्या डब्यांत भरून वाटली. रिकामी खोकी तो कोठारामागच्या पिंपात जाळायचा.

धूर लव्हॉनच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर यायचा. एक दिवस तिने पिंपात डोकावून अर्धं जळलेलं खोकं बाहेर काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"परगावी बाई ठेवली असतीस, तर मला यापेक्षा कमी लाज वाटली असती," ती म्हणाली. "निदान लोकांना सांगायला कारण तरी असतं."

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगतोस? हात काय माझा जाणार होता?"

तरीही उन्हाळा तसाच रेटला गेला. वर डेल्मर कौतुक करायचा. "गड्या, यंदाची तुझी काडतुसं म्हणजे लोणी! तोंडं तर अशी मिटलेली, की उघडायला जीव होत नाही." ऑरिन हसायचा. डेल्मरने त्या कौतुकापायी एकदा रुबार्बचं आंबटगोड सारण भरून भाजलेला पाय आणून दिला. तो ऑरिनने खाल्लासुद्धा.

ऑगस्टच्या शेवटी डेल्मर दारात आला, तो वेगळंच काम घेऊन. त्याची मुलगी कॅरिन घोड्यावरून पडली होती. खांद्याचं हाड नुकतंच सांधलं होतं. तिला क्लबात यायचं होतं. "तिच्यासाठी हलकी भरशील? दारू थोडी, छर्रे थोडे, धक्का असा की मांजराने पाय लावावा. दुकानातली मी तिच्या हातात देणार नाही बाबा. यंत्राला तिचं नाव कुठे ठाऊक?"

ऑरिनचं वाक्य, ऑरिनच्याच तोंडावर.

तो दूरच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "हलकी? मागवावी लागतील. कधी येतील, देवाला ठाऊक." नेहमीची दिली, तर कॅरिनचं कोवळं हाड पुन्हा दुखावणार. परतीच्या वाटेवर ऑरिनने यंत्रावरची चादर ओढून काढायचं ठरवलं. ओढली. दांड्यावर हात ठेवला. एक काडतूस भरलं, संशय आला म्हणून कापलं. दारू जिथल्या तिथे. दुसरं भरलं, तेही कापलं. तेही ठीक. दुपार उलटली तेव्हा समोर कापलेल्या पुंगळ्यांचा ढीग होता आणि भरलेलं काडतूस एकही नव्हतं.

तो उठला आणि बांध ओलांडून डेल्मरकडे गेला. डेल्मर शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राखाली पाठीवर पडला होता.

"झाली का पोरीची?"

"डेल्मर, बाहेर ये."

"बोल की. कान बाहेरच आहेत."

मग ऑरिन त्याच्या बुटांशीच बोलला. रेडिओ, रिकामी बाटली, ती खळी, हलवलेली मान, दूरचं दुकान, गोणपाट, पिंप. डेल्मर सरपटत बाहेर आला, ग्रीसचे हात चिंधीला पुसले आणि कोपऱ्यात बाजूला ठेवलेली रिकाम्या पुंगळ्यांची बादली पायाने पुढे ढकलली.

"यातली कुठलीही उचल. तोंड बघ."

ऑरिनने उचलली. तोंड शाबूत होतं.

"तुझी पुंगळी पाच-सहा बार खाऊन परत यायची, तेव्हा तिचं तोंड कुत्र्याने चावलेल्या बुटाच्या नाडीसारखं दिसायचं. यंदा एक फाटलेली नाही. आपण सगळे म्हातारे झालो, तुझ्या पुंगळ्या तेवढ्या दर गुरुवारी तरण्याताठ्या. मी गाईंचा धंदा केलाय ऑरिन, शेणात जन्म घेतला नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. आणि खरं सांगू? दुकानातल्यांनी माझा नेम सुधारला." तो हसला नाही. "दारू घालायला कुणीही विसरेल. ते मी त्याच दिवशी सोडून दिलं असतं. पण तू मान हलवलीस. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, चूक माझी, काडतुसं मी ओलीत ठेवली. तिने महिनाभर मला फैलावर घेतलं. पूर्ण हिवाळा मी जाकिटाचे खिसे शेगडीपाशी उलटे करून वाळवत बसलो, शहाण्या. आणि तू समोर बसून माझी कॉफी पीत होतास."

ऑरिनला ते जाकीट आठवलं. शेगडीजवळच्या खुर्चीवर, जिभा काढल्यासारखे बाहेर आलेले खिसे. त्याने तेव्हा विचारलंसुद्धा होतं, "हे काय रे?" आणि डेल्मर म्हणाला होता, "अक्कल वाळत घातलीय."

"मी यंत्र विकून टाकतो," ऑरिन म्हणाला.

"विकतोय! म्हणजे सुटलास, होय? पोरीची काडतुसं कोण भरणार? चल."

ऑरिनच्या तळघरात, यंत्रापाशी येताच डेल्मरने आधी रेडिओची वायर भिंतीतून उपटली. मग विजेरी घेऊन स्टुलावर बसला. ऑरिन दारू पाडायचा, दांडा वर करायचा आणि थांबायचा. डेल्मर पुंगळीत उजेड टाकून डोकावायचा. "आहे." मग बूच. पुन्हा दारू. "आहे." एवढा एक शब्द सोडला, तर त्या संध्याकाळी तो ऑरिनशी काही बोलला नाही. लव्हॉनने लिंबाच्या वड्या आणून ठेवल्या. डेल्मरने खाल्ल्या. ऑरिनने हात लावला नाही.

गुरुवारी ऑरिनने क्लबातल्या बाकीच्यांनाही सांगितलं. कुणी हसलं, कुणी आपल्या पुंगळ्या त्याच्या बादलीतून मुकाट परत नेल्या. नेणाऱ्यांना त्याने अडवलं नाही.

मग कॅरिन रेषेवर उभी राहिली, मध्यावर मोडून उघडायची एकनळी बंदूक खांद्याला लावून. तबकडी उडाली. मऊ बार निघाला. तबकडीचा भुगा झाला आणि टाळ्या पडल्या.

"थांब पोरी," ऑरिन पुढे झाला. "उघड जरा."

"ऑरिनकाका, फुटली की तबकडी! बार तर सगळ्यांनी ऐकला."

"तरी उघड."

तिने वडिलांकडे पाहिलं. डेल्मर बाकावरून म्हणाला, "उघड गं. बघू दे त्याला. गेल्या वर्षीचं बघायचं राहिलंय त्याचं."

तिने बंदूक मोडली. ऑरिनने वाकून मागच्या बाजूने नळीत पाहिलं. दुसऱ्या टोकाला बटणाएवढं, गोल, स्वच्छ आभाळ होतं. तो बाजूला झाला, पण परत जाऊन बसला नाही. पुढच्या बारासाठी तिथेच उभा राहिला.