पाठ टेकायला खुर्ची

इस्पितळातल्या सुताराला सगळे रंधामामा म्हणत. हातात रंधा असायचाच, पण नाव पडलं ते जिभेमुळे. साधं बिजागर बसवायला गेला तरी समोरच्याची सालटी काढल्याशिवाय परतायचा नाही. "दार तुम्ही लाथेनं उघडायचं आणि बिजागर माझं वाईट होय?" असं त्याने मेट्रनबाईंनाही विचारलं होतं. त्याने जोडलेला सांधा मात्र कधी कुरकुरला नाही, म्हणून त्याची कुरकुर लोक ऐकून घेत.

उभ्या जन्मात त्याने कपाटं केली, फळ्या ठोकल्या, शवागाराचं दारसुद्धा बसवलं. पण अभिमान त्याला एकाच कामाचा, बाळंतिणींच्या खुर्च्यांचा.

त्याचं असं झालं. लहान बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी एक संशोधन हाती घेतलं होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेली किडकिडीत बाळं आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून, तासन् तास ठेवायची. त्या उबेने ती तगतात, बाळसं धरतात, हे बाईंना आपल्याच वॉर्डात करून बघायचं होतं. पण टाके पडलेली बाई ताठ स्टुलावर किती वेळ बसणार? तेव्हा रंधामामाने एकेका बाळंतिणीला बसवून बघत खुर्ची घडवली. पाठ मागे कलती, हात रुंद, बैठक ठेंगणी. आया त्यात रेलून झोपायच्या आणि त्यांच्या छातीवर बाळं झोपायची.

संशोधन यशस्वी झालं, छापून आलं, लांबलांबचे पाहुणे बघून गेले. मग ते संपलं. खुर्च्या संशोधनाच्या, म्हणून त्याही वॉर्डातून उचलल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत अधीक्षकांच्या मीटिंगच्या खोलीत मांडलेल्या दिसल्या. गरज सरो, वैद्य मरो! मीटिंगमध्ये साहेबलोक पेंगू लागले, त्यात बिचाऱ्यांचा काय दोष? खुर्चीच तशी केलेली.

रंधामामा तेव्हा आठवडाभर करवादला आणि पुन्हा बिजागरांकडे वळला. दुसऱ्याच्या बाळासाठी आलेला राग किती दिवस पुरणार? पुढे त्याच्याच लेकीला दिवस भरायच्या खूप आधी कळा आल्या.

नात ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या एका पेटीत दोन-दोन बाळं, म्हणून सिस्टर म्हणाली, "छातीशी धरून बसा. जितका वेळ धराल तितकं चांगलं." लेक बसली, स्टुलावर. त्या वॉर्डात बसायला दुसरं काही नव्हतंच. थोड्या वेळात तिचे खांदे गळाले, ओठ दाताखाली गेला.

"बाबा, पाठ मोडतेय हो. नाही धरवत मला."

बाळ पुन्हा पेटीत गेलं. रंधामामाने बोटाच्या टोकाने नातीचे पाय चाचपले. गार होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सिस्टर, खुर्च्या कुठंयत?"

"मागितल्यात मामा. प्रस्ताव फिरतोय वर."

"फिरू द्या. माझ्या नातीला तेवढा वेळ नाही."

नेमका त्याच दिवशी वर मीटिंगच्या खोलीत डॉक्टरीणबाईंचा सत्कार चालला होता, त्याच संशोधनाबद्दल. भिंतीवर कापडी फलक होता, 'संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत'. त्याखाली सगळे मान्यवर रंधामामाच्या खुर्च्यांत रेलले होते. अधीक्षक भाषणाला उभे होते, म्हणून त्यांची खुर्ची रिकामी होती. रंधामामा सरळ चालत गेला आणि त्याने ती उचलली.

"अहो मामा! कार्यक्रम चाललाय!" अधीक्षक भाषण तोडून म्हणाले.

"चालू द्या की. खाली माझी नात गार पडतेय, मला खुर्ची हवीय."

"मग रीतसर अर्ज करा."

"साहेब, हिची पाठ मागे कललीय ना, ती तुम्हाला डुलकी लागावी म्हणून नाही. आईच्या छातीवर लेकरू निजावं म्हणून." मग तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगितलं होतंत ना मला?"

बाईंच्या मांडीवर पुष्पगुच्छ होता. त्या हळूच म्हणाल्या, "मी पत्रं दिली, मामा. पुन्हा पुन्हा दिली."

"पत्रावर बसता येत नाही, बाई."

खुर्ची डोक्यावर घेऊन तो जिना उतरला. लेक मागे रेलली, तिची मान टेकली, तोंडून एक लांब श्वास सुटला. सिस्टरने बाळ छातीवर ठेवून वरून दुपटं गुंडाळलं. थोड्या वेळाने बाळाचे पाय चाचपून ती म्हणाली, "आता कोमट लागतायत."

रंधामामाला रडू येणार होतं, पण तेवढ्यात त्याची नजर खिडकीशी गेली. तिथे स्टुलावर एक कोवळी पोर बाळाला कवटाळून वाकून बसली होती. तिने त्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तिच्यापलीकडे आणखी एक होती, तिच्यापलीकडे आणखी.

तो पुन्हा जिन्याकडे निघाला. वरून डॉक्टरीणबाई धापा टाकत उतरत होत्या, एक खुर्ची पायऱ्यांवरून आपटत, ओढत. पुष्पगुच्छ कुठे दिसत नव्हता.

"बाकीच्या?" त्याने विचारलं.

"त्यांच्यावर लोक बसलेत, मामा."

"मग उठवू," असं म्हणत तो पायऱ्या चढू लागला.